रेड्यामुखी वेद, आक्कामुखी पुराण

आळेफाट्याला बातमी चार बाजूंनी येते. पुण्याहून येते, नाशकाहून येते, माळशेज चढून कल्याणहून येते आणि बेल्ह्यावरून नगरहून येते. फाट्यावर चहा पिऊन ती आपल्या वाटेनं जाते, पण जाण्याआधी एकदा आमच्या आणि आक्कांच्या घरामधल्या कुंपणाला टेकतेच. पूर्वी हे कुंपण काट्याकुट्यांचं होतं. तालुक्यात बिबट्यांचा सुळसुळाट झाला तेव्हा आक्कांच्या मुलानं पुरुषभर उंचीची जाळी ठोकून घेतली. तिनं बिबट्या किती अडला ते वनखात्याला ठाऊक. गप्पा काही अडल्या नाहीत. फक्त ताकाचा तांब्या आता वरून द्यावा लागतो.

चैत्राचे दिवस. कांदा काढून झालेला. आक्का लिंबाखाली ढिगाशी बसून निवडत होत्या. मोठा माल एका अंगाला, बारीक गोल्टी दुसऱ्या अंगाला, डागी बदला पायाशी. हात कांद्यात आणि तोंड माझ्या दिशेला.

"ऐकलं का बाई? थोरलीनं धाकटीला गड चढू दिला न्हाई."

मी वाळत घातलेल्या कुरडया टाकून जाळीशी आले. असल्या बातमीला उशीर करून चालत नाही. "कुणाच्या घरातलं म्हणता, आक्का?"

"घरातलं न्हाई, देवातलं. काल पलीकडं लग्नाचं जागरण हुतं ना, वाघ्यानं सगळं भायेर काढलं. देव सारीपाटात म्हाळसेपुढं हरला. हरला तो बारा वर्सं वनवासाला गेला. आता वनवास म्हंजे काय, तर धनगराच्या वाड्यावर चाकरी. मेंढरं राखली, शेण काढलं आन् परत येताना बाणाईला संगं घेऊन आला. वर बायकूला म्हनतो, मी वनवासात हुतो!"

खंडोबाची ही भानगड तशी जुनीच, पण आक्का ती काल घडल्यासारखी सांगतात. आणि त्यांचंही बरोबर आहे, कारण या भानगडीतल्या दोन्ही बायका आमच्याच रस्त्यावरच्या. म्हाळसा नेवाशाची, म्हणजे आमच्या नगर रोडची. लिंगायत वाण्याची लेक, घरंदाज, सोवळ्याओवळ्याची. बाणाई मालेगावापाशी चंदनपुरीची, म्हणजे आमच्या नाशिक रोडची. धनगरांत वाढलेली, मोकळ्या जिभेची. दोघींचे भाऊ एकमेकांना टाळायचे म्हणाले तरी फाट्यावर गाठ पडणारच. जेजुरीला म्हाळसा गडावर देवाजवळ आणि बाणाईचं देऊळ अर्ध्या वाटेवर. चढणारा माणूस आधी धाकटीला भेटतो आणि मग थोरलीकडं जातो, ही त्यातली आणखी एक गंमत.

मी म्हटलं, "आक्का, गुंथर सोनथायमर नावाचा एक जर्मन विद्वान धनगरांच्या मागं रानोमाळ हिंडला. खंडोबा, बिरोबा, म्हस्कोबा यांच्यावर त्यानं जाडजूड ग्रंथ लिहिला. तोही असंच काहीसं सांगतो. एक बायको वसलेल्या गावाची, दुसरी रानाची. गाव शेती करणारं, रान मेंढरांचं. देवाला दोन्ही हवीत, म्हणून त्याला दोन संसार."

"एवढं सांगायला जर्मनीहून आला व्हय? मला इचारायचं. ज्याची जिरायतीबी हाय आन् बागायतीबी हाय, त्याला दोन घरं करावीच लागत्यात."

आता विषय निघालाच होता, तर मी पण हात सैल सोडला. दक्षिणेत मुरुगनच्या घरीही हेच. मुरुगन म्हणजे आपला कार्तिकस्वामी. त्याची थोरली देवसेना, इंद्राची लेक, देवांनी रीतसर लावून दिलेली. धाकटी वल्ली, शिकाऱ्यांत वाढलेली, राखणीच्या माळ्यावर बसून पाखरं हाकणारी. तिच्याकडंही देव वेष बदलून गेला.

आक्कांच्या हातातला कांदा हातातच राहिला. "कार्तिकस्वामी? त्यो तर बरमचारी! बायामाणसानं त्याचं तोंड बगायचं न्हाई, ते बी कार्तिकी पुनवेचा मुहूर्त सोडला तर."

"ते आपल्याकडं. तिकडं त्याला दोन बायका. आणि आपला गणपती ऋद्धिसिद्धी घेऊन बसतो, तो तमिळ मुलखात ब्रह्मचारी."

"म्हंजे कृष्णेपल्याड गेलं की सोयरीक बदलती." आक्कांनी एक गोल्टी भिरकावली. "आन् लोक म्हनत्यात, देव सगळीकडं सारखा."

दोन बायकांचा विषय निघाला की रुसणाऱ्या बायकोचा निघणारच. पंढरपुरात रुक्मिणीचं देऊळ वेगळं, कारण ती रुसून दिंडीरवनात येऊन बसली, असं सांगतात. द्वारकेत राधा देवाच्या मांडीवर बसलेली तिनं पाहिली म्हणे. तिरुपतीच्या कथेत भृगूनं विष्णूच्या छातीवर लाथ मारली. देवानं ऋषीला जाब विचारायचा सोडून त्याचेच पाय चेपले. लक्ष्मी म्हणाली, ती छाती माझी जागा होती. तिथून उठली ती थेट कोल्हापुरात आली. मागं व्यंकटेशानं पद्मावतीशी लग्न लावलं. आजही नवरात्रात तिरुपतीहून कोल्हापूरच्या अंबाबाईला शालू येतो.

"मंग? शालू पाठवून राग जातो व्हय?" आक्का म्हणाल्या. "पर एक बगा बाई. रुसून कुठं आल्या? दोघी आपल्याकडंच. रुसलेल्या बाईला महाराष्ट्रात जागा मिळती, एवढं तरी बरं हाय."

इतक्यात आक्कांची नात दारात आली. पुण्याला शिकते, सुट्टीला आलेली. कानातली बोंडं काढून म्हणाली, "आज्जी, आमच्या अभ्यासात कार्ल युंग आहे. तो म्हणतो, माणसाच्या मनात खोल काही ठरावीक आकृती असतात. आई, वीर, म्हातारा ज्ञानी, सोंगाड्या, आणि आपण ज्याला घाबरतो तो काळोखातला माणूस. जगातल्या सगळ्या पुराणांत तेच पुन्हा पुन्हा येतात. मराठीत त्याला आदिबंध म्हणतात."

"म्हंजे भांडणं सगळ्या गावची सारखी, नावं तेवढी येगळी?"

"साधारण तसंच."

"मंग शिकायला पुण्याला कशाला गेलीस? हितं जाळीशी बसायचं."

नात हसली, पण तिनं हट्ट सोडला नाही. "मला बायकांचं नाही विचारायचं. मला राक्षसांचं विचारायचंय. प्रत्येक गोष्टीत राक्षस तप करतो, वर मागतो, त्या वरात एक फट राहते आणि त्या फटीतून देव आत शिरतो. रावणानं माणसाला मोजलंच नाही. महिषासुरानं बाईला मोजलं नाही. एकदा हे कळलं की पुढची गोष्ट ऐकायचीच कशाला?"

"शेवट ऐकायचा," मी म्हटलं. "मारल्यानंतरचा. आपल्या तालुक्यात तोच भाग जास्त महत्त्वाचा."

ओझरचीच गोष्ट घ्या. नारायणगाव सोडलं की लागतं, अष्टविनायकांतलं. तिथं गणपतीनं विघ्नासुराला हरवलं. अभिनंदन राजानं यज्ञ मांडला होता आणि त्यात इंद्राचा वाटा ठेवला नव्हता. इंद्र चिडला आणि यज्ञ मोडायला हा असुर धाडला गेला.

"म्हणजे सुपारी इंद्राची आणि नाव राक्षसाचं!" नात म्हणाली.

"व्हय, आन् मार बी त्यालाच," आक्कांनी पुस्ती जोडली.

पण शरण आल्यावर त्यानं मागितलं काय? धन नाही, राज्य नाही. तुझ्या नावाआधी माझं नाव लागावं, एवढंच. गणपती तिथं विघ्नेश्वर झाला, विघ्नहर झाला. एकदा हे ध्यानात आलं की ते सगळीकडं दिसायला लागतं. मल्लाला मारणारा मल्लारी, मुराला मारणारा मुरारी, मधूला मारणारा मधुसूदन. वर आंबेगावच्या डोंगरातून जायचं त्या भीमाशंकराच्या नावात भीम आहे तो पांडव नव्हे. तो कुंभकर्णाचा मुलगा. कोल्हासुरानं मरताना मागितलं की या क्षेत्राला माझं नाव राहावं, म्हणून कोल्हापूर. गयासुराच्या नावानं गया, आणि तिथं सगळा भारत आपल्या बापजाद्यांचं श्राद्ध घालायला जातो.

आक्का विचारात पडल्या. मग म्हणाल्या, "आपल्या फाट्यागतच की. बाजार फाट्याचा, गाड्या फाट्यावर, कांद्याचा भाव फाट्यावर. आळं गाव राहिलं आत. पर पाटीवर नाव कुणाचं? आळ्याचं!"

यापेक्षा नेमकं मला तरी सांगता आलं नसतं. जिंकणाऱ्याला देऊळ मिळतं, पण त्या देवळाची पाटी हरलेल्याच्या नावाशिवाय लिहिता येत नाही.

"हे गोड झालं," नात म्हणाली. "पण मणी-मल्लाचं काय? मणी शरण आला, त्यानं पांढरा घोडा देवाला दिला, म्हणून त्याला देवळात जागा. मल्ल शेवटपर्यंत वाकला नाही, तर त्याचं मुंडकं पायरीला. लोक त्याच्यावर पाय देऊन वर जातात. हा कसला मान? वाकला त्याला देऊळ, नाही वाकला त्याला पायरी!"

प्रश्न खरा होता. जाळीच्या दोन्ही बाजूंना क्षणभर नुसते कांदेच वाजले. चंपाषष्ठीला वांग्याचं भरीत आणि रोडगा करताना माझ्या मनात मल्ल कधी आला नव्हता, हेही खरं.

उत्तर आक्कांनीच दिलं, पण वळसा घालून. "आपल्या वावरात बांधाला म्हसोबा हाय, ठावं हाय का तुला?"

"शेंदराचा दगड. आहे की."

"त्यो कोण?"

इथं मला पुढं होणं भाग होतं. दामोदर धर्मानंद कोसंबी हे गणिताचे प्राध्यापक. त्यांनी पुण्याच्या आसपासचे असले दगड, चव्हाटे, जुन्या वाटा पायी हिंडून पाहिल्या, खेडुतांना विचारलं, आणि 1962 साली 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' हे पुस्तक काढलं. त्यांचं म्हणणं असं की म्हसोबा म्हणजेच महिषासुर. पुराणात देवीनं ज्याच्या छातीत त्रिशूळ खुपसला तोच शेताच्या बांधावर राखणदार होऊन बसलेला. पुरंदर तालुक्यात वीरला तर म्हस्कोबाचं जोगुबाईशी दर माघी पौर्णिमेला थाटात लग्न लागतं. म्हणजे एका गावात देवी रेड्याला मारते आणि दुसऱ्या गावात रेड्याच्या नावाच्या देवाला हळद लागते.

"दोन टोळ्यांचे दोन देव," मी म्हटलं. "टोळ्या भांडल्या की देवी रेड्याला मारते. टोळ्यांची सोयरीक जुळली की लग्न लागतं. कोसंबींनी साधारण अशी संगती लावली."

नात आता जाळीला नाक लावून उभी. "म्हणजे राक्षस कोण ते ठरवतो गोष्ट सांगणारा?"

"सांगणाऱ्याचं दार कुठल्या आळीत आहे त्यावर ते ठरतं. वणीला सप्तशृंगी महिषासुरमर्दिनीच आहे ना? पण गड चढायला सुरुवात करताना महिषासुराचं मुंडकं लागतं आणि लोक आधी त्याला हात जोडतात, मग देवीकडं जातात. ज्याला मारलं त्याच्या पाया पडून मारणारीच्या दर्शनाला. कुणाला त्यात काही वावगं वाटत नाही."

मग नातीनं तिच्याकडची भर टाकली. ग्रीकांकडं क्रीट बेटावर बैलाच्या तोंडाचा माणूस होता, मिनोटॉर. त्याला चक्रव्यूहात कोंडलेला. थिसियस नावाच्या वीरानं त्याला मारला आणि दोऱ्याच्या आधारानं बाहेर आला. "पण त्या मिनोटॉरला कुणी शेंदूर लावत नाही, आज्जी. तो मेला आणि संपला."

"आपल्यात मेलेला संपत न्हाई," आक्का म्हणाल्या. "आपल्यात त्यो बांधावर बसतो. वाघाचं बी तेच. वाघाला भ्यायचं तेव्हा आदिवाशांनी वाघोबा मांडला. आता एवढ्या जाळ्या ठोकल्या, पर बिबट्या काय गेला का? ज्याच्याशी रोजची गाठ हाय त्याला मारून भागत न्हाई. त्याची हद्द ठरवायची आन् वर्साचा नारळ ठरवायचा."

पण रेड्याची खरी गोष्ट अजून व्हायचीच होती, आणि ती फाट्यापासून हाकेच्या अंतरावरची. पैठणच्या ब्रह्मवृंदापुढं चार पोरं उभी राहिली. संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलेली, शुद्धिपत्र मागायला आलेली. कुणीतरी टवाळीनं म्हणालं, नाव ज्ञानदेव आहे म्हणून काय झालं, त्या पखालीच्या रेड्याचं नावही ज्ञानाच आहे. ज्ञानदेवांनी रेड्याच्या मस्तकावर हात ठेवला आणि रेडा वेद बोलू लागला. पुढं पैठणहून नेवासा, नेवाशाहून आळंदी अशा वाटेवर तो रेडा आळ्याला थांबला तो कायमचा. त्याची समाधी आळ्यात आहे, देऊळ आहे, चैत्रात यात्रा भरते. आक्का कांदा घाईनं निवडत होत्या ते त्याचसाठी.

"बोलणारं जनावर बायबलातही आहे," नात म्हणाली. "बलाम नावाच्या माणसाची गाढवी. तिला वाटेत देवदूत दिसतो, धन्याला दिसत नाही. धनी मारतो, तेव्हा ती बोलते."

"काय बोलती?"

"मला का मारतोस, म्हणते."

"बरूबर हाय तिचं. पर आमच्या रेड्यानं गाऱ्हाणं न्हाई केलं. त्यानं डायरेक वेद म्हनला."

दोन गोष्टींतला फरक आक्कांनी एका दमात दाखवला. गाढवी स्वतःचं दुःख बोलते आणि तेवढ्यापुरतं धन्याला शहाणं करते. पैठणच्या रेड्यानं उच्चारलं ते जे त्याला ऐकायलाही मनाई होती. बायका, शूद्र, वाळीत टाकलेली पोरं, सगळ्यांना बंद असलेलं दार त्या गोष्टीत सगळ्यात मठ्ठ मानलेल्या जनावराच्या तोंडानं उघडलं. तो चमत्कार घडला की नाही यावर वाद घालणारे घालोत. गोष्ट कुणाच्या बाजूनं उभी आहे ते मात्र स्वच्छ दिसतं.

आणि जनावर तरी कुठलं निवडलं? गाय नाही, घोडा नाही. यमाचं वाहन, देवीच्या पायाखालचा असुर, बांधावरचा म्हसोबा, तोच रेडा. पुराणानं ज्याला मारलं, वारकऱ्यांनी त्याच्याच तोंडात वेद घातले. पैठणनं ते ऐकले आणि आळ्यानं त्याला जागा दिली. आमच्या पंचक्रोशीनं केलेली ही गोष्ट मला कुठल्याही किल्ल्याहून कमी वाटत नाही.

"तरी माझा मल्ल राहिलाच," नात म्हणाली. पोरगी चिवट आहे, आजीवर गेलीय.

"त्याची बाजू घेणारा माणूस पुण्यातच होऊन गेला," मी म्हटलं. "जोतीराव फुले. 1873 साली त्यांनी 'गुलामगिरी' लिहिली आणि विष्णूच्या अवतारांची गोष्ट उलटी करून सांगितली. वामनानं पाताळात ढकललेला बळी हाच इथला न्यायी राजा. खंडोबा, जोतिबा, म्हसोबा हे त्याचे अधिकारी, मुलूख सांभाळणारे. त्यांच्या हिशोबानं बांधावरचा म्हसोबा हा बळीच्या राज्यातला उरलेला सुभेदार आहे. इतिहास म्हणून ते कितपत टिकतं यावर पंडित भांडतात. पण गोष्ट हरलेल्याच्या ओट्यावरून सांगितली की कशी दिसते, ते फुल्यांनी दाखवलं."

"त्यात नवं काय?" आक्का म्हणाल्या. "दिवाळीला ववाळताना आमी काय म्हनतो? इडा पिडा टळो, बळीचं राज्य येवो. वामनाचं राज्य येवो असं म्हनलेलं ऐकलंय कुणी?"

खरंच कुणी ऐकलेलं नाही. देवळात वामनाचा अवतार पूज्य, दारात बळीचं राज्य मागायचं. केरळात ओणमला महाबळी वर्षातून एकदा आपली प्रजा बघायला येतो म्हणून फुलांच्या रांगोळ्या घालतात. तिकडंही जिंकणाऱ्यापेक्षा हरलेल्याचीच वाट जास्त पाहिली जाते.

नातीनं शेवटी सगळं एका वाक्यात बांधायचा प्रयत्न केला. शिकलेल्या पोरांना ती सवय असते. "म्हणजे आपल्या गोष्टींत वाईट असा कुणी नसतोच?"

"असतो की," आक्का फिस्कारल्या. "ज्यो आपला वाटा घेऊन दुसऱ्याचा बी दाबतो त्यो वाईट. इंद्र बग. सगळ्या गोष्टींत काड्या त्याच्या, आन् गावोगाव हिंड, एक देऊळ दाखव त्याचं!"

मी आठवून पाहिलं. ओझरला विघ्नासुराला नाव मिळालं, वणीला महिषासुराला नमस्कार मिळाला, आळ्याला रेड्याला समाधी मिळाली. देवांच्या राजाचं देऊळ मात्र आमच्या तालुक्यात मला तरी आठवेना. म्हातारीचा हिशोब पक्का होता.

"आज्जी, ते सगळं खरं," नात म्हणाली. "पण तू कुणाच्या बाजूची? देवीच्या की म्हसोबाच्या?"

आक्का पदर झटकून उठल्या. बदल्याच्या ढिगातले बरे कांदे वेचून ओच्यात घेतले, संध्याकाळच्या कालवणाला. "यात्रेला जाताना वाटंत दोघंबी लागत्यात. नारळ दोन घेतलेत," त्या म्हणाल्या. "भांडण त्यांचं. नारळ माझे."